शरीराच्या हालचालीचे शास्त्र : आपल्या मुला-मुलींसाठी आरोग्यक्षेत्रातील एक वाट

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. उसाच्या नोंदीसाठी गटागटांतून फिरताना काम संपून चहा आला की सभासद हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला : "साहेब, पोरगी दहावी झाली, सायन्सला जायचं म्हणते. डॉक्टरकीला नंबर लागेल असं काही वाटत नाही. दवाखान्याच्या लाईनीत दुसरं काय आहे?" दुसरा : "पोरगं सदा तालमीत. त्याला अंगमेहनतीची आवड आहे, पण त्याचं पुढं पोट कसं भरायचं?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. माणसाच्या शरीराची हालचाल, तिचा अभ्यास आणि तिच्या साहाय्याने दुखणे बरे करणे हे आता विद्यापीठात शिकविले जाणारे रीतसर शास्त्र आहे. त्याची माहिती आपल्या घरांत वेळेवर पोहोचत नाही. निर्णय मात्र अकरावीला विषय निवडतानाच करावा लागतो. म्हणून हा लेख.

हे शास्त्र म्हणजे काय?

व्यायामशास्त्र म्हटले की लोकांना दंड-बैठका आणि कवायत आठवते. जोर काढणे वेगळे आणि जोर काढताना शरीरात काय घडते हे जाणणे वेगळे. आम्ही कृषी पदविकेला माती शिकलो, तेव्हा नांगर धरायला शिकलो नाही. नांगरटीने मातीत काय बदल होतो ते शिकलो. तसेच हे.

आपल्याच कामातली तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण मोळीचे. समजा, वीस किलोची मोळी वाकून, हात पुढे लांबवून उचलली. मोळी कमरेच्या मणक्यापासून ५० सेंटीमीटर दूर आहे. तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर आहेत. पहारेचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. टेकूपासून वजन दहापट दूर असेल तर जवळच्या बाजूला दहापट जोर लावावा लागतो. म्हणजे वीस किलोच्या मोळीसाठी पाठीच्या स्नायूंना सुमारे दोनशे किलोचा ताण सोसावा लागतो आणि मणक्यांमधील गादीवरही तेवढा दाब येतो. वाकलेल्या धडाचे वजन निराळेच. तीच मोळी गुडघे वाकवून, अंगालगत, २५ सेंटीमीटरवर धरली तर मोळीचा ताण निम्म्यावर येतो. वजन तेच, माणूस तोच. फरक फक्त अंतराचा. या हिशेबाला शरीराचे यंत्रशास्त्र म्हणतात आणि त्याचा स्वतंत्र विषय असतो.

दुसरे उदाहरण साखरेचे. ऊस जशी कांड्यात साखर साठवतो तसे आपले शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाच्या रूपात साखर साठवते. मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून साधारण तीन-चारशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. काम सुरू झाले की आधी हा साठा मोडतो. स्नायू काम करीत असताना रक्तातील साखर इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता ओढून घेतात. मधुमेहाच्या रुग्णाला चालायला का सांगतात, याचे उत्तर इथे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा हा विषय आता फक्त शहराचा राहिला नाही.

तिसरे उदाहरण खताच्या हप्त्यांचे. उसाला नत्र आपण एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे देतो. शरीराला व्यायामही असाच हप्त्याने द्यावा लागतो. भार थोडा वाढवायचा, विसावा द्यायचा, अंगाने तो पचवला की पुन्हा वाढवायचा. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण व्यायामशाळेतल्या पोरांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

"आम्ही दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. श्रम आणि व्यायाम यांत फरक असा की, श्रमात एकच हालचाल, एकाच बाजूने, हजारो वेळा होते. कोयता उजव्या हातात, कंबर वाकलेली, डावा हात उसावर. त्याने ठराविक स्नायू झिजतात आणि बाकीचे आखडतात. व्यायाम ही कसर भरून काढतो. शिवाय खरे सांगायचे तर आपल्यापैकी किती जण आता दिवसभर राबतात? नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने आणि बांधावर जायला मोटारसायकल.

बसून राहण्याचा परिणाम काय होतो हे लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच खाते, एकच बस. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत कमी निघाले. पुढे अशा अभ्यासांतूनच जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला आला की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणे.

तीन गावे, तीन तऱ्हेची दुखणी

आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांचा एक पाय मुंबईकडे असतो. त्यातही कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कोणाचा चुलता, कोणाचा मामा, कोणाची आत्या राहते. शिकणारी मुले त्यांच्याकडे राहतात आणि लोकलने ये-जा करतात. या शास्त्राची गरज कुठे पडते हे पाहायचे तर ही तीन गावे चांगला नमुना आहेत.

उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. आजही तिथले पत्ते कॅम्प एक ते पाच असेच सांगतात. या लोकांनी शून्यातून धंदे उभे केले. जीन्सची शिलाई आणि फर्निचर यांसाठी गाव ओळखले जाते. शिलाई मशिनवर दहा-बारा तास मान खाली घालून बसणाऱ्या कारागिराची मान, खांदा आणि कंबर धरते.

अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. तिथेच संरक्षण खात्याची आयुधनिर्माणी आणि मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथला कामगार यंत्रापुढे उभा राहतो, जड वस्तू उचलतो. त्याचे गुडघे, टाचा आणि पाठ बोलू लागतात.

बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ६८ किलोमीटर. तिथला नोकरदार पहाटे गाडी पकडतो, गर्दीत उभा राहतो, कचेरीत आठ तास बसतो आणि तसाच परत येतो. त्याला ना श्रम, ना व्यायाम. वजन, रक्तदाब आणि साखर या तिन्ही गोष्टी त्याच्या मागे लागतात.

आता आपला फड आठवा. वाकलेली कंबर, चढलेले खांदे, झिजलेले गुडघे. तिन्ही गावांची दुखणी आपल्याकडे एकाच शिवारात सापडतात. गोळी दुखणे थांबवते. दुखण्याचे कारण हालचालीत असेल तर हालचालच सुधारावी लागते. ते काम जाणणारी माणसे हवीत.

हे शिक्षण आपल्याकडे केव्हा आले?

हे काही परवाचे खूळ नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. आसने व प्राणायाम करताना शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणासारखी साधने वापरून तपासले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचे.

आरोग्यसेवेच्या बाजूने पाहिले तर व्यवसायोपचाराची शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केली. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई लग्नानंतर भारतीय झाल्या. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आपल्याला माहीत आहे. तिचे संस्थापक बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. आईने माणसाच्या हातापायांचे काम पाहिले, मुलाने ज्वारी-करडईचे.

दोनच वर्षांनी, १९५२ साली, त्याच के.ई.एम.मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातील पहिली भौतिकोपचाराची शाळा निघाली. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. त्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, हे जुन्या सभासदांच्या स्मरणात असेल. तालीम आपल्या गावची आणि शाळा मुंबईची. या दोहोंची सांगड घालण्याचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही.

साखर कारखानदारीचाही या शिक्षणाशी संबंध आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. त्याच परिसरात लोणीला पुढे वैद्यकीय शिक्षणाची संस्था झाली. कृष्णाकाठी कराडलाही तसेच घडले. दोन्ही ठिकाणी आज भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. म्हणजे शेतकऱ्यांच्या मुला-मुलींना मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही.

कोणता अभ्यासक्रम कशासाठी?

नावे सारखी वाटतात, पण वाटा निराळ्या आहेत. इथेच घोटाळा होतो.

१) भौतिकोपचार (फिजिओथेरपी). बारावीनंतरची पदवी. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालीचे शास्त्र, व्यायामोपचार, विद्युतोपचार, मग हाडे-सांधे, मेंदू-मज्जा, हृदय-फुप्फुसे यांचे आजार आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा चालत आला. त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच वर्षे आहेत. आपल्या मुलाच्या तुकडीला कोणता लागू आहे हे महाविद्यालयात विचारावे.

२) व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी). लकवा झालेल्या माणसाला पुन्हा बटण लावता यावे, घास घेता यावा, जमले तर धार काढता यावी, यासाठीचे शिक्षण. मतिमंद व हालचालीत मागे पडलेल्या मुलांसाठीही हे तज्ज्ञ काम करतात.

३) कृत्रिम अवयव व आधारसाधने. कडबाकुट्टीत हात गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हात, पाय, पट्टे तयार करून बसविणारे हे तज्ज्ञ. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे हे शिक्षण मिळते.

४) शारीरिक शिक्षण. पदवीनंतर दोन वर्षांची बी.पी.एड. ही शाळा-महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक होण्याची वाट. काम मानाचे आहे, पण रुग्णावर उपचार करण्याचा परवाना यातून मिळत नाही.

५) क्रीडाशास्त्र व व्यायामशास्त्र. खेळाडूंची तयारी, दमछाक मोजणे, आहार, दुखापत टाळणे. अमेरिकेत मुले आधी चार वर्षे व्यायामशास्त्राची पदवी घेतात आणि मग तीन वर्षे भौतिकोपचार शिकतात. आपल्याकडे भौतिकोपचाराला बारावीनंतर थेट जाता येते. म्हणून ज्याला रुग्णालयात काम करायचे आहे त्याने नुसत्या क्रीडाशास्त्राच्या पदवीवर विसंबू नये. ज्याला खेळाडू घडवायचे आहेत त्याला मात्र ती उपयोगी आहे.

६) योगशिक्षण. लोणावळ्याच्या कैवल्यधामात पदविका आहे. प्रकृती राखण्यासाठी मार्गदर्शन करता येते.

प्रवेश कसा मिळतो?

पहिली गोष्ट, आणि ही घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी : अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्याबरोबर जीवशास्त्र हवे. पुष्कळ मुले गणित ठेवून जीवशास्त्र सोडतात आणि दोन वर्षांनी हळहळतात. लागणीच्या वेळी बेणे चुकले तर खोडव्यात दुरुस्ती होत नाही.

दुसरी गोष्ट, वरील पहिल्या तीन अभ्यासक्रमांना महाराष्ट्रात प्रवेश नीट परीक्षेतील गुणांवरून, राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतो. म्हणजे एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही तरी नीट वाया जात नाही. अभिमत विद्यापीठांचे प्रवेशाचे नियम वेगळे असू शकतात.

तिसरी गोष्ट, महाविद्यालय कोठे? मुंबईत के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक आणि नायर ही महापालिकेची रुग्णालये हे शिक्षण देतात. परळ आणि शीव ही स्थानके मध्य रेल्वेवर असल्याने बदलापूर-अंबरनाथकडे राहणाऱ्या मुलांना सरळ गाडी आहे; प्रवासाचा शीण मात्र धरूनच चालावे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे. खासगी महाविद्यालये पुष्कळ आहेत. अंबरनाथला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे त्या पट्ट्यातही वैद्यकीय शिक्षण पोहोचू लागले आहे.

फसवणुकीपासून सावध

आमच्या एका गटातील सभासदाने मुलाला शहरातल्या एका संस्थेत घातले. सहा महिन्यांत "फिजिओथेरपीचे सर्टिफिकेट", रुग्णालयात नोकरीची हमी, असे सांगून पैसे घेतले. पुढे ते कागद कोणत्याही रुग्णालयाने मानले नाहीत. संस्थेचे नाव इथे घेत नाही, पण पैसे भरण्याआधी पुढील चार प्रश्न जरूर विचारावेत :

(अ) महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहे काय? की ते मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाचे आहे? कागद दाखवा म्हणावे.

(आ) प्रवेश नीटवरून आहे काय? नसल्यास कोणत्या नियमाने?

(इ) स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय आहे काय? रुग्ण नसतील तर मूल शिकणार कोणावर?

(ई) पदवीनंतर परिषदेत नोंदणी होते काय? आपल्या राज्यात या व्यवसायांच्या परिषदेचा कायदा २००२ चा आहे. सर्व देशासाठी संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ साली झाला. नोंदणी नाही तर व्यवसाय नाही.

खर्चाचे काय?

शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयात फी कमी आणि जागा थोड्या. खासगीत फी अनेक पटींनी जास्त. २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. मात्र अभिमत आणि खासगी विद्यापीठे यात येत नाहीत. म्हणून दारातले महाविद्यालय की दूरचे, हा हिशेब फी आणि सवलत दोन्ही मांडून करावा. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि सात-बारा आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी तलाठ्याकडे धावपळ नको. सवलत लागू आहे की नाही हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.

शिकून पुढे काय?

सरकारी व खासगी रुग्णालये, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, जन्मतः व्यंग असलेल्या मुलांची जिल्हा केंद्रे, कारखान्यांचे दवाखाने, खेळाडूंचे संघ आणि स्वतःचा दवाखाना अशा वाटा आहेत. पहिल्याच वर्षी बक्कळ पैसा मिळेल अशा भ्रमात राहू नये. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि हाताला गुण आल्यावर माणसे शोधत येतात.

पण आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते ती गावाची गरज. अर्धांगवायूचा झटका आला तर रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण गाठ विरघळविण्याच्या औषधाला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. हे आता लोकांना समजू लागले आहे. त्यापुढचे मात्र समजलेले नाही. जीव वाचून माणूस घरी येतो आणि खाटेवर पडून राहतो. "नशीब" म्हणून घरचे गप्प बसतात. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते. त्या काळात जाणकाराने रोज हात-पाय हलवून घेतले, उभे केले, चालविले, तर पुष्कळ जण पुन्हा स्वतःच्या पायांनी ओट्यावर येऊन बसतात. तालुक्याला एखादा जाणकार असतो. रोज तिथवर नेणार कोण? त्या तीन महिन्यांत गावात कोणी नसले तर गेलेली वेळ नंतर पैसे मोजूनही परत येत नाही.

म्हणून आमची विनंती अशी आहे. ज्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी हा अंक जपून ठेवावा आणि मुलांना वाचायला द्यावा. बदलापूर-अंबरनाथकडे ज्यांचे नातलग आहेत त्यांनी आपल्या मुलांना त्यांच्याकडून परळ-शीवच्या एखाद्या महाविद्यालयाचा एकदा फेरफटका घडवून आणावा. ऐकलेल्या माहितीपेक्षा पाहिलेली बरी. मुलींना मागे ठेवू नये. या व्यवसायात त्यांची संख्या मोठी आहे आणि गावातल्या स्त्रिया आपली दुखणी त्यांच्याशीच मोकळेपणी बोलतात. आणि शिकून आलेल्यांपैकी निम्मे जरी आपल्या तालुक्यात परतले, तरी खाटेला खिळलेली कित्येक माणसे उठून बसतील.

सभासदांच्या मुलांना अर्ज, दाखले किंवा महाविद्यालयांची यादी पाहण्यासाठी मदत हवी असल्यास गट कार्यालयात यावे. आमचे काम उसाचे असले तरी कागद समजावून सांगायला आमच्या कृषी सहायकांची ना नाही.

— ऊस विकास अधिकारी